बिलाचा नमुना गेला कुठे? पेटीबंद सॉफ्टवेअर, आपले फेरबदल आणि नवे अपडेट

सॉफ्टवेअर नवे टाकले आणि बिलाचा जुना नमुना नाहीसा झाला, ही तक्रार व्यापारी बंधूंकडून आम्ही पुष्कळ दिवसांपासून ऐकत आलो आहोत. अलीकडे तिच्या जोडीला एक उलटी तक्रारही ऐकू येते. अपडेट टाकले, कॉम्प्युटरवाला आपली मजुरी घेऊन गेला, पडद्यावर नव्या आवृत्तीचा क्रमांकही दिसतो. परंतु बिलावर दर मात्र जुनाच छापून येतो. एकाचे स्वतः केलेले गेले आणि दुसऱ्याला नवे मिळालेच नाही. वरवर पाहता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, परंतु पुष्कळदा दोहोंचे मूळ एकाच ठिकाणी सापडते. बरेचसे सॉफ्टवेअर हल्ली कॉम्प्युटरवर थेट न बसविता एका बंद पेटीत ठेवून चालविले जाते. या पेटीत कंपनीचा माल कुठे आणि आपला माल कुठे, हे ठाऊक नसले की नुकसान होते.

प्रथम एका छापखान्याची हकीगत सांगतो. आमच्या परिचयाचे एक गृहस्थ शादीची कार्डे, पावतीपुस्तके, जलशांची पोस्टरे छापतात. छापखान्यात गिऱ्हाईक मजकूर पेनड्राइव्हवर घेऊन येतो आणि मजकुराबरोबर व्हायरसही आणतो. दोनदा कॉम्प्युटर बंद पडल्यावर त्यांनी उर्दू जुळणीचे आपले सॉफ्टवेअर ‘सँडबॉक्सी’ नावाच्या मोफत मिळणाऱ्या पेटीत घालून चालविण्यास सुरुवात केली. कल्पना चांगली होती. व्हायरस आला तरी तो पेटीतच अडकून राही. दीडएक वर्ष काम सुरळीत चालले. या काळात त्यांनी कार्डांसाठी बेलबुट्टीच्या शे-दीडशे चौकटी तयार केल्या, कीबोर्डची मांडणी आपल्या बोटांच्या सवयीनुसार बदलून घेतली, नेहमीच्या कार्डांची मापे बसवून ठेवली. एके दिवशी मशीन मंद चालते म्हणून एका मुलाला बोलावले. तासाभराने तो म्हणाला, "चाचा, खूप कचरा साठला होता, सगळा साफ केला. आता मशीन पळेल."

तो कचरा म्हणजे दीड वर्षाचे काम होते. मुलाला तरी किती दोष द्यावा? पेटी रिकामी करण्यापूर्वी सँडबॉक्सी विचारते की आतल्या कोणत्या फाइली बाहेर काढून ठेवावयाच्या. परंतु ती सुचविते त्या केवळ डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स अशा ठरावीक फोल्डरांतल्या फाइली. चौकटी होत्या सॉफ्टवेअरच्या स्वतःच्या फोल्डरात. त्यामुळे त्या यादीत आल्याच नाहीत, आणि यादी रिकामी पाहून मुलाने बटण दाबले. ईदनंतरचा लग्नांचा मोसम तोंडावर होता. चाचांनी पुढचे तीन आठवडे रात्री जागून निम्म्या चौकटी पुन्हा काढल्या.

बटर पेपरचा दाखला

ही पेटी आतून कशी असते, हे समजण्यास छापखान्यातलाच दाखला पुरेसा आहे. पक्के आर्टवर्क टेबलावर ठेवले आहे आणि त्यावर बटर पेपर पसरला आहे, अशी कल्पना करा. वरून पाहणाऱ्याला खालचे चित्र आरपार दिसते. काही बदल करावयाचा झाल्यास कारागीर तो बटर पेपरवर करतो, मूळ चित्राला हात लावत नाही. पाहणाऱ्याला दोन्ही मिळून एकच चित्र दिसते. बटर पेपर उचलला की खाली मूळ आर्टवर्क जसेच्या तसे, आणि आपली सारी मेहनत त्या उचललेल्या कागदावर.

पेटीबंद सॉफ्टवेअरचे नेमके असेच आहे. कंपनीकडून आलेला कार्यक्रम खाली सीलबंद असतो. त्यात कोणी लिहू शकत नाही. आपण बिलाचा मथळा बदलला, प्रिंटर निवडला, नवा साचा साठवला, की पेटी ते लिखाण वाटेतच अडवते आणि दुसऱ्या एका फोल्डरात नेऊन ठेवते. या फोल्डरास सँडबॉक्स म्हणतात. विंडोजच्या रजिस्ट्रीत, म्हणजे जिथे सॉफ्टवेअर आपली सेटिंग टिपून ठेवते त्या वहीत, होणारे बदलही तिथेच जातात. कार्यक्रम काही वाचू लागला की आधी वरच्या थरात पाहिले जाते. तिथे सापडले नाही तरच खालच्या मूळ प्रतीतून दिले जाते. वरचा थर नेहमी जिंकतो. हे एक वाक्य वाचकांनी ध्यानात ठेवावे. पुढचा सारा गोंधळ त्यातूनच निघतो.

ही विद्या तशी जुनी आहे. ‘सॉफ्टग्रिड’ नावाचे या जातीचे सॉफ्टवेअर करणारी सॉफ्ट्रिसिटी ही कंपनी मायक्रोसॉफ्टने २००६ साली घेतली आणि त्याचे पुढे ‘ॲप-व्ही’ झाले. ‘थिनस्टॉल’ हे दुसरे नाव. ते २००८ साली व्हीएमवेअरने घेऊन त्यास ‘थिनॲप’ केले. त्याचा गुण असा की अख्खे सॉफ्टवेअर एकाच ईएक्सई फाइलीत मावते, कॉम्प्युटरवर बसवावे लागत नाही, पेनड्राइव्हवरूनही चालते. सँडबॉक्सी २००४ पासून आहे आणि २०२० साली तिची मूळ संहिता सर्वांसाठी खुली झाली. मोठ्या कंपन्यांना हे प्रकार हवे होते ते हजार कॉम्प्युटरांवर एकच प्रत सारखी चालावी म्हणून. आपल्याकडे ते आले ते निराळ्या कारणाने. जुने सॉफ्टवेअर नव्या विंडोजवर चालेना, आणि कारागिराचा हात तर जुन्यावरच बसलेला. १९९४ साली आलेल्या इनपेजच्या जुन्या आवृत्त्यांवर हात बसलेली माणसे आम्ही आजही पाहतो.

एक खुलासा इथेच केलेला बरा. पेटीत घातल्याने सॉफ्टवेअरचा परवाना वाढत नाही. एका कॉम्प्युटरचा परवाना असलेली प्रत पेनड्राइव्हवरून चार काउंटरांवर चालविणे हे तांत्रिकदृष्ट्या जमते, म्हणून ते रास्त ठरत नाही.

पेटी न आणताही पेटी

आम्ही तर असले काही वापरत नाही, असे म्हणणाऱ्या दुकानदारांच्या कॉम्प्युटरातही बहुधा एक पेटी असते. २००७ साली बाजारात आलेल्या विंडोज व्हिस्टापासून मायक्रोसॉफ्टने एक सोय केली. जुने सॉफ्टवेअर ‘प्रोग्राम फाइल्स’ या राखीव फोल्डरात लिहू लागले, तर विंडोज त्याला नकार देत नाही. ते लिखाण गुपचूप वापरकर्त्याच्या स्वतःच्या फोल्डरात वळविते. तिथे ॲपडेटा, त्यात लोकल आणि त्यात ‘व्हर्च्युअलस्टोअर’ असे फोल्डर असते. बिलिंगचे जुने सॉफ्टवेअर बनविणारे अनेक जण डेटा आणि सेटिंग प्रोग्रामच्या फोल्डरातच ठेवीत. अशा सॉफ्टवेअरचा सारा हिशेब आज व्हर्च्युअलस्टोअरमध्ये पडून असू शकतो आणि मालकाला त्याचा पत्ताही नसतो.

यातून दोन फजित्या होतात. मुलाच्या नावाने कॉम्प्युटरवर नवे खाते उघडले, तर त्या खात्यात सॉफ्टवेअर कोरे दिसते. कारण बटर पेपर प्रत्येक वापरकर्त्याचा वेगळा. दुसरी फजिती याहून चमत्कारिक आहे. त्याच चिन्हावर उजवे बटण दाबून ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ केले, की विंडोज वळविणे बंद करते आणि सॉफ्टवेअर थेट मूळ फोल्डर वाचते. मग त्याच दुकानात, त्याच कॉम्प्युटरवर, सकाळी एक बिलपुस्तक आणि दुपारी दुसरेच, असा प्रकार घडतो. डेटा उडाला असे समजून घाबरेघुबरे झालेल्या दुकानदाराचा डेटा पुष्कळदा उडालेला नसतो, तो दुसऱ्या थरात असतो. अशा वेळी काहीही नव्याने बसविण्यापूर्वी व्हर्च्युअलस्टोअर उघडून पाहावे. आणि हा कॉम्प्युटर फॉर्मॅट करणाऱ्याने केवळ प्रोग्रामच्या फोल्डराची नक्कल घेतली, तर त्याने जुनी, कोरी प्रत जपून ठेवली आणि चालू वही पुसून टाकली, असे होते.

दर बदलला, बिल बदलले नाही

आता दुसऱ्या तक्रारीकडे वळू. बटर पेपरच्या दाखल्यात एक उणीव आहे. कारागीर बटर पेपरवर फक्त बदललेली रेघ काढतो. कॉम्प्युटरची पेटी रेघ ओळखत नाही, ती पान ओळखते. एखाद्या फाइलीतली एक ओळ जरी बदलली, तरी पेटी ती संपूर्ण फाइल वरच्या थरात उतरवून घेते आणि मग त्या नकलेत बदल करते. त्या क्षणापासून खालच्या मूळ फाइलीचा आणि आपला संबंध तुटतो.

याचा परिणाम काय होतो तो २२ सप्टेंबर २०२५ च्या उदाहरणावरून पाहू. त्या दिवसापासून जीएसटीचे १२ आणि २८ टक्क्यांचे टप्पे जवळपास संपले आणि बहुतेक माल ५ किंवा १८ टक्क्यांत आला. तयार कपड्यांत पूर्वी नगाला १,००० रुपयांपर्यंत ५ टक्के आणि त्यावर १२ टक्के होते. आता २,५०० रुपयांपर्यंत ५ आणि त्यावर १८ झाले. समजा, एका कपडे दुकानदाराचे बिलिंग पेटीबंद आहे आणि दरांचा तक्ता एका फाइलीत आहे. दोन वर्षांपूर्वी त्याने त्या तक्त्यात ओढणीचे नाव आपल्या पद्धतीने दुरुस्त केले होते. एवढेच. पण त्या एका दुरुस्तीने अख्खा तक्ता वरच्या थरात गेला. सप्टेंबरात सॉफ्टवेअरवाल्याने नवा तक्ता असलेली नवी पेटी पाठविली. ती खाली व्यवस्थित बसली, क्रमांक बदलला, नवे मेनूही आले. पण दर विचारला की वरचा थर आधी बोलतो, आणि वरच्या थरात जुना तक्ता आहे.

मग १,८०० रुपयांच्या कुर्त्यावर ९० रुपयांऐवजी २१६ रुपये कर लागतो. गिऱ्हाईक शेजारच्या दुकानाचे बिल दाखवून भांडतो. आणि कर म्हणून घेतलेली रक्कम कायद्याने सरकारकडे भरावीच लागत असल्याने ती दुकानदाराकडेही राहत नाही. ३,००० रुपयांच्या शेरवानीवर ५४० ऐवजी ३६० रुपये लागतात, आणि उरलेले १८० रुपये महिनाअखेर खिशातून जातात. ज्याने तक्त्याला कधी हात लावला नव्हता त्याच्या दुकानात तेच अपडेट बिनतक्रार चालते. म्हणूनच "दुसरीकडे तर चालते" असे सॉफ्टवेअरवाला शपथेवर सांगतो, आणि तो खोटे बोलत नसतो.

यावर सर्रास केला जाणारा उपाय म्हणजे सँडबॉक्स पुसणे. थिनॲपमध्ये तो फोल्डर उडविला, ॲप-व्हीमध्ये वापरकर्त्याची स्थिती पुसणारी ‘रिपेअर’ची आज्ञा दिली, की नवा दर लगेच दिसतो. त्याबरोबर बिलाचा नमुना, दुकानाचा मथळा, प्रिंटरची मापे आणि सॉफ्टवेअर डेटाही तिथेच ठेवीत असेल तर हिशेबसुद्धा जातो. पहिल्या तक्रारीचा जन्म दुसरीच्या इलाजातून होतो तो असा. योग्य इलाज एवढाच आहे की वरच्या थरातली केवळ ती एक फाइल बाजूला काढावी, खालचा नवा तक्ता उघडा पडू द्यावा, आणि ओढणीची दुरुस्ती नव्या तक्त्यात पुन्हा करावी. त्यासाठी अर्थात कोणती फाइल वर आली आहे हे माहीत हवे. थिनॲपच्या सँडबॉक्सचे फोल्डर उघडून पाहिल्यास आत फाइली मूळ रचनेप्रमाणेच मांडलेल्या दिसतात. नाव आणि तारीख पाहून अंदाज येतो. सँडबॉक्सीचेही तसेच. तिचा माल नेहमीच्या मांडणीत सी ड्राइव्हवर ‘सँडबॉक्स’ नावाच्या फोल्डरात असतो.

अपडेटपूर्वीची तासाभराची मेहनत

सॉफ्टवेअर बंद करून सँडबॉक्सचा संपूर्ण फोल्डर दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्यावा, हे पहिले काम. बंद करूनच, चालू असताना केलेली नक्कल अर्धवट निघू शकते. थिनॲपचा हा फोल्डर ठरवून दुसरीकडे ठेवलेला नसल्यास वापरकर्त्याच्या ॲपडेटातल्या रोमिंग भागात ‘थिनस्टॉल’ या नावाखाली सापडतो. पेटीच्या ईएक्सई शेजारी याच नावाचे फोल्डर असल्यास आधी तिथे शोधावे. पेनड्राइव्हवरून काम करणारे बहुधा अशीच मांडणी करतात. रजिस्ट्रीतले बदलही त्याच फोल्डरात फाइलीच्या रूपाने असल्याने त्यांची वेगळी नक्कल करावी लागत नाही. दोन काउंटरांनी एकच सामाईक सँडबॉक्स वापरण्याचा मोह टाळावा. एका वेळी तो एकाच कॉम्प्युटरला वापरता येतो. दुसऱ्याने उघडल्यास त्याच्यासाठी निराळा फोल्डर तयार होतो, आणि मग दिवसभराचे बदल दोन ठिकाणी वाटले जातात.

नव्या पेटीने जुना सँडबॉक्स ओळखला पाहिजे. थिनॲपमध्ये ही ओळख पेटी बांधताना ठरविलेल्या सँडबॉक्सच्या नावावरून पटते. सॉफ्टवेअरवाल्याने नव्या पेटीत हे नाव बदलले, तर सारे कोरे दिसेल, पण जुना फोल्डर आपल्या जागी शाबूत असेल. ॲप-व्हीमध्ये प्रत्येक पेटीला एक लांबलचक ओळख क्रमांक असतो. जुन्याच पेटीची पुढची आवृत्ती काढली तर तो कायम राहतो आणि वापरणाऱ्याचे फेरबदल मागोमाग येतात. तेच सॉफ्टवेअर पुन्हा पहिल्यापासून बांधून नवी पेटी केली तर क्रमांक बदलतो आणि जुने फेरबदल पोरके होतात. यास्तव सॉफ्टवेअरवाल्यास आधीच विचारावे, "ही जुन्याची पुढची आवृत्ती आहे की नवी बांधणी?" हा एक प्रश्न विचारल्याने पुढचे अनेक फोन वाचतात.

नवी पेटी प्रथम दुकानातल्या दुसऱ्या कॉम्प्युटरवर, जुन्या सँडबॉक्सची नक्कल देऊन, चालवून पाहावी. एक स्वस्त नग, एक महाग नग, एक परत आलेला माल, अशी तीन बिले छापावीत आणि दर हाताने ताडून पाहावेत. पडद्यावरच्या आवृत्तीच्या क्रमांकावर विसंबू नये. थिनॲपमध्ये जुनी पेटी तशीच ठेवून नवी तिच्या शेजारी क्रमवार विस्तार देऊन ठेवता येते. चालू असलेले काम जुन्यावर पुरे होते, पुढच्या वेळी उघडताना आपोआप नवी उघडते. नवी बिघडलेली निघाली तर ती तिथून काढून टाकावयाची, एवढेच.

सॉफ्टवेअरमधली आपोआप अपडेट होण्याची सोय पेटी बांधतानाच बंद करून घ्यावी. पुष्कळांना हे उफराटे वाटते. परंतु पेटीतले सॉफ्टवेअर स्वतःहून अपडेट झाले, तर ते अपडेटही वरच्या थरातच जाते. मूळ पेटी जुनीच राहते, प्रत्येक काउंटरवर वेगळी आवृत्ती होते, आणि सँडबॉक्स पुसला की सॉफ्टवेअर दोन वर्षे मागे जाते. अपडेट खालच्या थरात यावे, एकाच ठिकाणी बांधून यावे.

आता फेरबदलांतही दोन जाती आहेत. दुकानाचा मथळा, जीएसटी क्रमांक, बिलाचा नमुना, छापखान्याच्या चौकटी हे सर्व काउंटरांवर सारखेच हवे असते. हे बटर पेपरवर ठेवण्यात शहाणपण नाही. ते आर्टवर्कमध्येच उतरवून घ्यावे. थिनॲपमध्ये यासाठी ‘एसबीमर्ज’ नावाचे हत्यार दिलेले आहे. ते सँडबॉक्समधले बदल पेटीच्या मूळ बांधणीत मिसळते आणि मग पेटी नव्याने बांधता येते. मात्र ते रोजच्या वापरातल्या सँडबॉक्सवर चालवू नये. त्यात अलीकडे उघडलेल्या फाइली, कोणाचा पासवर्ड, कुठला तरी अर्धवट साचा, सारेच असते आणि सारेच पेटीत कायमचे जाते. कोऱ्या सँडबॉक्सने सुरुवात करावी, हवे तेवढेच बदल करावेत, आणि तेवढेच मिसळावेत. प्रिंटरची निवड, खिडकीचा आकार, कीबोर्डची सवय हे ज्याचे त्याचे. ते वरच राहू द्यावे. रोजचा हिशेब आणि तयार डिझाइने यांना तर दोन्ही थरांत जागा नाही. ती पेटीबाहेर, साध्या फोल्डरात असावीत. थिनॲपच्या नेहमीच्या मांडणीत डॉक्युमेंट्स आणि डेस्कटॉप ही फोल्डरे पेटीबाहेरच ठेवलेली असतात, म्हणजे बटर पेपरला तिथे मुद्दाम भोके पाडलेली असतात. डेटा तिथे वळविता आल्यास सँडबॉक्स पुसला तरी वही वाचते. जीएसटीचे हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपून ठेवणे बंधनकारक आहे, आणि सँडबॉक्स पुसला गेला ही सबब कोणी अधिकारी ऐकून घेणार नाही.

टॅली वापरणाऱ्यांसाठी दोन शब्द. टॅलीत खास नमुने, जादा रकाने टीडीएल या भाषेत लिहून घेतलेले असतात आणि कोणते टीडीएल उघडावयाचे त्याचा पत्ता ‘टॅली डॉट आयएनआय’ या फाइलीत असतो. नव्या फोल्डरात नवी आवृत्ती टाकली की नवी आयएनआय येते आणि तिला जुना पत्ता ठाऊक नसतो. नमुना गेलेला नसतो, त्याचा पत्ता गेलेला असतो. ही फाइल आणि टीडीएल या दोहोंची नक्कल वेगळी ठेवावी. शक्य असल्यास ज्याला पैसे देऊन काम करवून घेतले त्याच्याकडून वाचता येणारी मूळ टीडीएल मागून घ्यावी. केवळ बंद केलेली टीसीपी फाइल हाती असेल, तर तो माणूस गाव सोडून गेल्यावर त्यात एक अक्षरही बदलता येत नाही.

अख्खे मशीनच पेटीत

काही सॉफ्टवेअर अशा पेटीत बसतच नाही. संगणकी भरतकामाच्या जुन्या सॉफ्टवेअरला यूएसबीचे कुलूप असते. त्या कुलुपाला विंडोजच्या गाभ्यात जाणारा ड्रायव्हर लागतो, आणि तो या हलक्या पेट्यांना पेलत नाही. डॉसच्या काळचे सोळा-बिटी कार्यक्रम चौसष्ट-बिटी विंडोजवर चालतच नाहीत, आणि विंडोज ११ तर चौसष्ट-बिटीच येते. अशा वेळी व्हर्च्युअलबॉक्ससारख्या सॉफ्टवेअरने कॉम्प्युटरच्या आत दुसरा कॉम्प्युटर उभा करतात आणि त्यात जुने एक्सपी किंवा विंडोज ७ घालतात. यूएसबीचे कुलूप आतल्या मशीनच्या हवाली करता येते. एक्सपीची देखभाल मायक्रोसॉफ्टने ८ एप्रिल २०१४ रोजी आणि विंडोज ७ ची १४ जानेवारी २०२० रोजी थांबविली. तेव्हा आतल्या मशीनचे इंटरनेट तोडून ठेवावे, हे सांगावयास नकोच.

इथे बटर पेपरचे काम ‘स्नॅपशॉट’ करतो. स्नॅपशॉट घेतला की त्या क्षणी डिस्क गोठते आणि पुढचे सारे लिखाण वेगळ्या फाइलीत जाते. अपडेट टाकण्यापूर्वी स्नॅपशॉट घेणे ही उत्तम सवय आहे. धोका आहे तो मागे फिरताना. सोमवारी स्नॅपशॉट घेतला, अपडेट टाकले, शनिवारी बिघाड ध्यानात आला म्हणून मागे फिरलो, तर अपडेटबरोबर पाच दिवसांची डिझाइने आणि पावत्याही मागे फिरतात. व्हर्च्युअलबॉक्स मागे फिरण्यापूर्वी चालू स्थितीचा स्नॅपशॉट घेऊ का असे विचारते. तिथे होकारच द्यावा. त्याहून बरे म्हणजे डिझाइने बाहेरच्या मशीनशी सामाईक केलेल्या फोल्डरात साठवावीत, स्नॅपशॉट त्यांना हात लावत नाही. आणि स्नॅपशॉट म्हणजे बॅकअप नव्हे. तो मूळ डिस्कच्या फाइलीवर टेकून उभा असतो. ती फाइल गेली की सारे स्नॅपशॉट निरुपयोगी होतात. सॉफ्टवेअर बंद करून, आतले मशीन पुरते बंद करून, त्याचे संपूर्ण फोल्डर दुसऱ्या डिस्कवर न्यावे, तेव्हा तो बॅकअप झाला.

‘क्लाउड’वर हिशेब ठेवणाऱ्यांची पेटी दुसऱ्याच्या घरी असते. काही ठिकाणी तिथले मशीन ठरावीक वेळी एका पक्क्या प्रतीवरून पुन्हा नवे केले जाते, आणि त्या प्रतीत नसलेले सारे पुसले जाते. महिन्याचे भाडे ठरविण्यापूर्वी तीन गोष्टी लेखी घ्याव्यात. आमची सेटिंग आणि नमुने मशीन नवे केल्यावर टिकतात काय. आमच्या डेटाची नक्कल आम्हाला आमच्या डिस्कवर केव्हाही उतरवून घेता येईल काय. आणि अपडेट टाकण्यापूर्वी आम्हाला किती दिवस आधी कळविले जाईल.

छापखान्याच्या चाचांनी आता एक साधी वही केली आहे. पहिल्या पानावर पेटी कोणती, सँडबॉक्स कोणत्या फोल्डरात, चौकटी कोणत्या फोल्डरात आणि शेवटची नक्कल कोणत्या तारखेची, हे लिहिलेले असते. चौकटी आता डॉक्युमेंट्समध्ये ठेवतात, आणि दर जुम्याच्या सकाळी दुकान उघडताना त्यांची नक्कल दुसऱ्या डिस्कवर जाते. मशीन दुरुस्तीला येणाऱ्या मुलाला ते ते पान आधी वाचायला लावतात.